मुठीतली फट

माझ्या बायकोचा उजवा हात आमच्या तंत्रनिकेतनाच्या डेडस्टॉक रजिस्टरात पान नंबर एकशे बेचाळीसवर नोंदलेला आहे. 'हात, उजवा, लाकडी, अंशतः, नग एक.' खाली प्राचार्यांची सही, शिक्का, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत'. सव्वीस वर्षं मी बीडमध्ये यंत्र-आरेखन शिकवतोय, पण आता मला कुणी 'ड्रॉइंगचे शेटे सर' म्हणत नाही. 'बायकोचा हात रजिस्टरला लावणारे शेटे' म्हणतात. दहा तोंडांनी दहा गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून खरं काय झालं ते एकदा मीच सांगून टाकतो.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गंगासागर, म्हणजे आमची ही, न्हाणीत पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण स्वतःच्या मनानं जुळलं होतं. अंगठा बोटांपर्यंत पोचेना. मूठ अर्ध्यावर येऊन थांबायची. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली, पाणीही भरू लागली, पण शिलाईचं हातमशीन काही तिला फिरवता येईना. सिरसाळ्याहून माहेरचं म्हणून आलेलं ते काळं मशीन. त्याच्या चाकाच्या दांडीला लाकडाची एवढीशी गुळगुळीत मूठ. ती हिच्या पकडीतून निसटायची. आमच्या शिवांजलीचा, पहिल्या झबल्यापासून कॉलेजातल्या पंजाबी ड्रेसपर्यंत, एकही कपडा कधी शिंप्याकडे गेला नव्हता. आता मशीनवर पांघरूण पडलं आणि पांघरुणावर रद्दी.

"जाऊ द्या हो, काई अडत न्हाई," असं ती म्हणायची आणि रोज त्या मशीनवरची धूळ पुसायची. बीडात धूळ आहे हे मलाही मान्य आहे, पण एवढी नाही.

शेजारी शिवलिंगप्पांचं किराणा दुकान. दुकानाच्या कोपऱ्यात एसटीडीची काचेची पेटी. तिचं दार पोह्यांच्या पोत्यामुळं कधीच पूर्ण लागत नाही, त्यामुळं अख्ख्या गल्लीची खबरबात शिवलिंगप्पांकडे आपोआप जमा होते. त्यांचा सल्ला आला, "सर, पायाचं मशीन घ्या की." समोरच्या वत्सलाबाई म्हणाल्या, मोटार बसवा. मोटारीला वीज लागते, ही गोष्ट बीडात राहूनही त्यांच्या ध्यानात कशी आली नाही कोण जाणे. गंगासागर दोघांना एकच उत्तर द्यायची, "मला हेच फिरवायचंय."

मी म्हटलं, अहो, एक मूठ! माझ्या डाव्या हातचा मळ. समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन चित्रं काढली, व्यास बत्तीस मिलिमीटर, आणि वाहेदभाईंच्या लेथवर गेलो. वाहेदभाईंचं सगळं जग सुतात चालतं, इंचाचे आठ सूत. त्यांनी कागद उलटा धरून विचारलं, "सर, मिलिमीटर ऱ्हाऊ द्या, सूत सांगा." दंडगोल मूठ झाली, ती निसटली. मग निमुळती केली. मग षट्कोनी केली. षट्कोनी मूठ हातात धरून गंगासागर माझ्याकडं बघत राहिली.

"आवो, माझा हात काय नट हाय का?"

मी ती मूठ खिशात टाकली. मग तिनं हळूच म्हटलं, "शिवाला विचारा. तिचं तेच काम हाय."

इथं थोडं थांबावं लागेल. शिवांजली म्हणजे आमची शिवा, एकुलती एक. मेकॅनिकल इंजिनिअर. माझ्याच तंत्रनिकेतनात लेक्चररची जागा तिच्यासाठी मी जवळजवळ पक्की केली होती. ती सोडून अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत ती पुण्याला एका डिझाइनच्या कंपनीत गेली. खुलं धोरण आलं आणि देशात शाम्पूच्या बाटल्यांनासुद्धा कंबर आली. ती कंबर काढायला कंपन्या माणसं ठेवू लागल्या. मी म्हणालो, "बाटल्यांना वळणं द्यायला इंजिनिअर केलं का तुला?" ती म्हणाली, "अप्पा, तुमच्या रेघा लई सरळ हायेत. माणूस एवढा सरळ नसतो." त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, मलाच ते आठवायला आवडत नाही. तेव्हापासून ती आली नव्हती. पत्रं यायची ती आईला, आणि शेवटच्या ओळीत 'अप्पांना नमस्कार'. त्या वर्षीची दिवाळी आम्ही दोघांनी करंज्यांचा डबा मध्ये ठेवून, एकमेकांना आग्रह करत काढली.

तर आता तिला विचारायचं कसं? बापाला बापासारखं लिहिता येईना, म्हणून मी कार्यालयीन पत्र लिहिलं. 'प्रति, कु. शिवांजली राजेश्वर शेटे. विषय : हातमशीनच्या मुठीच्या आकाराबाबत. महोदया, उपरोक्त विषयी तांत्रिक अभिप्राय कळवावा.' आठव्या दिवशी उत्तर आलं. 'महोदय, आपले पत्र पोचले. चित्र नको, हात पाठवावा. ठसा चालेल. आपली विश्वासू.' ते शेवटचे दोन शब्द मी तीनदा वाचले आणि पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं. ते खिशात असतानाच शर्ट धुवायला गेला, ही गोष्ट वेगळी.

ठसा कशात घ्यायचा? गल्लीचं एकमत झालं की कणकेत. गंगासागरनं घट्ट कणीक मळली, तिचा गोळा त्या अर्धवट मुठीत दाबला, आणि बोटांच्या खुणांसकट तो डब्यात ठेवून मी बीड-पुणे गाडीचा कंडक्टर उत्तरेश्वर ह्याच्या हवाली केला. माणूस भरवशाचा. तिसऱ्या दिवशी तो रिकामा डबा घेऊन घरी आला. डबा स्वच्छ घासलेला.

"सर, आष्टीला जेवायला थांबलो. डबा बघितला तं आत कच्चा मुटका. मला वाटलं, वहिनीनी लेकीसाठी मुटका दिला आन् शिजवायचाच इसरल्या. पुण्यापर्यंत आंबून गेला असता. हाटेलवाल्याला म्हणलं, सोड बाबा वरणात, शिजवून तरी पोचवू."

"मग पोचवला का नाही?"

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. "शिजल्यावर वास लई भारी सुटला, सर." आणि थोडं थांबून, प्रामाणिकपणे, "मीठ तेवढं कमी होतं."

मुटके म्हणजे मुठीत दाबलेले कणकेचेच गोळे, त्यामुळं त्याची तशी चूक नव्हती. पण माझ्या बायकोच्या अंगठ्याची सगळी भूमिती एक माणूस वरणात कालवून खातो, ह्याला काय म्हणावं! गंगासागर मात्र एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवसांनी हसली होती, म्हणून मीही फार ओरडलो नाही.

मग वाहेदभाईंनी लांबी सुचवली. गाडीचा पत्रा चेपला की वरून भरतात ती. "घट्ट झाली की दगड, सर. कुणाचा बाप खाणार न्हाई." हाताला दुधाची पिशवी गुंडाळून गंगासागरनं लांबीचा गोळा धरला. घड्याळ लावून मी समोर बसलो. दगड झाला, अगदी वाहेदभाई म्हणाले तसा, फक्त आतून हात निघेना. दीड तास गेला. खोबरेल झालं, साबण झाला. वत्सलाबाईंनी छिन्नी आणायला सांगितल्यावर गंगासागरनं स्वतःच एक हिसका दिला आणि हात सोडवून घेतला. ह्या वेळी मी डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अखाद्य'.

शिवानं त्या गोळ्याचे करवतीनं दुधीसारखे काप केले. एकेक काप आलेखकागदावर ठेवून कडेनं रेघ घेतली, त्या रेघा संगणकात भरल्या आणि रेघांवरून पृष्ठभाग ताणला, तंबूच्या कांबींवर कापड ताणतात तसा. आणि तीन फ्लॉप्या पाठवून दिल्या. चिठ्ठीत एवढंच होतं, 'आकार आमच्याकडून. बोल्टाचं भोक आणि बाकी यांत्रिक भाग आपल्याकडून अपेक्षित.'

आता संगणक पाहिजे. तंत्रनिकेतनात एक होता, काचेच्या खोलीत. चप्पल बाहेर काढून आत जायचं, आणि किल्ली भांडारपाल धर्मराजच्या जानव्यात. धर्मराज रोज त्या संगणकाला उदबत्ती ओवाळायचा. वापरायला लेखी परवानगी लागे. मी अर्ज केला, 'विषय : पत्नीच्या हाताबाबत.' प्राचार्यांनी चष्मा वर केला. "शेटे, हा हात मी कोणत्या हेडखाली दाखवू?" बराच खल झाल्यावर 'प्रशिक्षण साहित्य' ह्या नावाखाली तो बसला. अट एकच, जे काही तयार होईल ती संस्थेची मालमत्ता. म्हणजे रजिस्टर आलं, पान एकशे बेचाळीस आलं, आणि वस्तू घरी न्यायची तर दर सोमवारी गेटपास आला. माझ्या घरात बायकोच्या हातातली वस्तू मी गेटपासवर नेत होतो!

फाइल उघडली तर पडदाभर भोपळा आणि त्यात बोल्ट मोहरीएवढा. तिचं सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्ये, माझं इंचामध्ये. ते निस्तरल्यावर खरी गाठ पडली. माझं सॉफ्टवेअर माझ्यासारखंच. ठोकळा, दंडगोल, भोक, आटे, आणि जे असेल ते भरीव. तिच्याकडून आली होती नुसती कातडी, आत काही नाही. बाहेरून इतकी सुंदर वळलेली की गंगासागरचा तळहात मला तिच्यात दिसला. पण तिला भोक पाडायला गेलो की संगणक म्हणे, पृष्ठभाग बंद नाही, घनवस्तू होणार नाही. दोन दिवस शोधून सापडली ती जागा. अंगठ्याच्या बगलेत दोन पृष्ठभाग एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते. मध्ये फट होती, आठ दशांश मिलिमीटर.

हे पत्रात कळवण्यासारखं नव्हतं. रविवारी सकाळी मी शिवलिंगप्पांच्या पेटीत शिरलो. पलीकडून तिचा आवाज आला.

"शेटे बोलतोय."

"कोण शेटे?"

मी तारेकडं बघत राहिलो. "अप्पा."

"बोला, अप्पा."

"फट आहे."

"किती?"

"आठ दशांश. अंगठ्याच्या बगलेत."

"बघते," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलात का?" सकाळचे नऊ वाजले होते. मी हो म्हणालो.

मग दर रविवारी फोन आणि दर आठवड्याला फ्लॉपी. उत्तरेश्वर त्या शर्टाच्या आत ठेवून न्यायचा-आणायचा, मुटक्याचं पाप फेडत होता बिचारा. आठ दशांशाचे सहा झाले, सहाचे पाच. साखर घ्यायला आलेली माणसं मला विचारू लागली, "सर, फट किती राहिली?" शिवलिंगप्पा तर पाटीच लावतील असं वाटलं. संक्रांतीच्या आधी वाहेदभाईंनी त्या कापांच्या आकारांवरून लाकडाचे पातळ तुकडे कापून, एकावर एक चिकटवून, घासून एक कच्ची मूठही केली; रजिस्टरात चढली ती हीच. हात बसला! फक्त त्या फटीच्या जागी एक धार राहिली होती. गंगासागर म्हणाली, "बोचतंय. शिवाला सांगा."

खरं सांगतो, सोमवार उजाडला की मी रविवारची वाट बघायला लागायचो. फोनवर आधी टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, मग वक्रता, मग तिच्या खोलीवरची पाण्याची टाकी, मग तिच्या डब्यातली बेचव भाजी. एकदा तिनं माझ्या खोकल्याचं औषध विचारलं. ती मला हवी होती, घरात, समोर, हट्ट करणारी, उलट बोलणारी सुद्धा. 'कधी येतेस' हे शब्द दर वेळी जिभेवर यायचे, आणि मी म्हणायचो, "मग भोकाला टॉलरन्स किती धरू?"

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी फट मिटली. संगणकानं गुपचूप घनवस्तू केली, भोक पाडू दिलं, आटे पाडू दिले. धर्मराजनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र रविवार आठवला. आता रविवारी काय बोलायचं? मुलांनी रेघ अर्धा मिलिमीटर चुकवली तरी मी त्यांचे कागद फाडले आहेत. त्याच मी धर्मराजला पाणी आणायला पाठवलं, अंगठ्याच्या बगलेतला एक बिंदू धरला आणि हलवला. पुन्हा फट, चार दशांश. तशीच फाइल पुण्याला धाडली.

रविवारी सांगितलं, "अजून थोडी आहे." ती म्हणाली, "बरं अप्पा. पुन्हा बघते."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, दुपारी वीज गेली म्हणून संस्था सुटली आणि मी लवकर घरी आलो. दारातच थबकलो. आतून मशीनचा आवाज येत होता, खर्रर्र, मध्ये थांबून पुन्हा खर्रर्र. खिडकीजवळ गंगासागर बसली होती. लाकडी मुठीच्या धारेवर तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती आणि मशीन झक्क फिरत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली, मग चाक थांबवलं. "संक्रांतीपासून."

"मग दर आठवड्याला बोचतंय म्हणून काय सांगत होतीस?"

"बोचत न्हाई म्हणलं असतं तं फोन कावून केला असता तुमी?"

तिनं मांडीवरचा कपडा पसरून दाखवला. निळा पंजाबी ड्रेस, गळा झालेला, बाह्या झालेल्या, दोन्ही बाजू नुसत्या टाचलेल्या.

"बाजू मारायच्या राहिल्यात. माझ्यापाशी माप जुनं हाय. लेकरू वाळलं का भरलं, मला काय ठाव?"

मी तसाच चपला घालून बाहेर पडलो. शिवलिंगप्पा दचकून उठले. "सर, आज बुधवार! फट वाढली का काय?" मी पेटीत शिरलो. पोतं पायानं ढकललं, तरी दार लागलं नाही. पलीकडं शिवाच्या ऑफिसात तिला बोलवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुकानातल्या सगळ्यांनी बोलणं थांबवलं होतं.

"अप्पा? काय झालं? आई बरी हाय ना?"

"फट नाहीये."

"काय?"

"फट नाहीये, शिवा. फेब्रुवारीतच मिटली. बिंदू मी हलवला. आणि तू जाताना मी जे बोललो ते चुकीचं बोललो. आईला तुझं माप घ्यायचंय. ये."

तारेत खरखर होती. मग तिचा आवाज आला, थोडा ओला. "फाइलवर तारीख असती, अप्पा. तुमी बिंदू हलवलेला मला त्याच आठवड्यात दिसलता. म्हणून मी खालच्या बाजूला आणखी तीन दशांश घालून पाठवली. सापडली न्हाई का?"

"सापडली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय."

मी बाहेर आलो तेव्हा शिवलिंगप्पांनी साखर तोलता तोलता डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला उगाच दम भरला.

शनिवारी ती आली. उत्तरेश्वरनं तिची पिशवी थेट घरापर्यंत आणून दिली. उंबऱ्यातच गंगासागरनं टेप काढला. "हात वर कर." शिवा हात पसरून उभी राहिली आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या पायांतल्या चपलांकडं बघत होतो, कारण वर बघायची सोय नव्हती. "कमरेत दीड इंच वाळलीस," गंगासागर म्हणाली, आणि तिला तिथंच कुशीत घेतलं.

पुण्याहून तिनं मूठ करून आणली होती, पांढरी, अखंड, कुठंच फट नसलेली. रविवारी सकाळी वाहेदभाईंनी आटे लावले, एक फेर जास्त दिला आणि म्हणाले, "अर्ध्या सुताचाबी फरक न्हाई, सर." गंगासागरनं हात ठेवला. ती मूठ जणू तिच्या हाताचीच होती. दोन्ही बाजू तिनं एका दमात मारल्या. शिवानं ड्रेस घातला, तो नीट बसला. शिवलिंगप्पा दारातून डोकावून म्हणाले, "झालं म्हणा एकदाचं काम!"

शिवाची दुपारी दोनची गाडी होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. वाहेदभाई पुसलेला पाना पुन्हा पुसत बसले.

गंगासागरनं मुठीवरचा उजवा हात काढला. मग डावा हात उघडून त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, जसं काही तो तिला आजच दिसत होता.

"डाव्या हाताचंबी एक करावं लागंल," ती म्हणाली.

हातमशीन डाव्या हातानं फिरत नाही. हे मला माहीत होतं, शिवाला माहीत होतं, वाहेदभाईंनाही माहीत होतं. तिचा डावा हात तर ठणठणीत होता.

"ठसा घ्यावा लागंल, आई," शिवा म्हणाली आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलून तिनं आतल्या खोलीत ठेवली. "वेळ लागंल."

मी उठलो, परात घेतली, कणीक काढली, आणि ह्या वेळी आठवणीनं मीठ घातलं.